जे ड्राइव्हमधून गेलेले नामपूर

आमच्या वृत्तपत्राच्या नाशिक कार्यालयात बाहेरगावच्या वार्ताहराला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत होती. "सटाणा बोलतोय," असे फोनवर पलीकडून यायचे आणि इकडून "बोला, सटाणा" असे म्हटले जायचे. चांदवडला ताप आहे, सुरगाण्याची बस चुकली, पेठ दोन दिवस गप्प आहे, ही वाक्ये रोज बोलली जात. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. हे आधीच सांगितले, कारण पुढे जे घडले त्यातला शेवटचा पाऊण तास या पद्धतीमुळे गेला. त्याआधीचे साडेतीन तास माझ्यामुळे गेले.

दोन हजार साल उलटून थोडाच काळ झाला होता. मी उपसंपादक होतो. सकाळी शहर डेस्क आणि दुपारनंतर जिल्हा डेस्क, अशी माझी वाटणी होती. प्रत्येक डेस्कचा एक लाकडी ट्रे होता. ट्रेमध्ये बातम्यांचे कागद असत. दुसऱ्या डेस्कच्या ट्रेला हात लावायचा नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि म्हणूनच कडक होता. तरीही शहर डेस्कचे प्रमुख तो मोडतात, असा जिल्हा डेस्कचा जुना आरोप होता. पेठकडच्या पाणीटंचाईची आमची एक बातमी मागच्या उन्हाळ्यात शहराच्या पानावर "शहर प्रतिनिधीकडून" म्हणून छापून आली होती. जिल्हा डेस्कचे प्रमुख, ज्यांना सगळे काका म्हणत, ते कात्रण पाकिटात घालून खिशात बाळगत आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दाखवत.

मग ट्रे गेले आणि नेटवर्क आले. कॉलेज रोडवरून एक संगणकवाले आले आणि त्यांनी कोपऱ्यात एक मोठे यंत्र ठेवले. त्याला सर्व्हर म्हणायचे, असे सांगण्यात आले. त्याच्या आत "बातम्या" नावाचे एक फोल्डर होते. ते फोल्डर प्रत्येकाच्या संगणकावर जोडून घ्यायचे. एकदा जोडले की एखाद्या इंग्रजी अक्षराखाली ते असे दिसते की जणू आपल्याच संगणकातली आणखी एक डिस्क. याला ड्राइव्ह जोडणे म्हणतात.

अडचण एवढीच की वीज गेली की जोडणी तुटायची आणि पुन्हा हाताने पत्ता टाइप करावा लागायचा. पत्त्याच्या सुरुवातीला दोन तिरक्या रेघा होत्या. कीबोर्डवर तिरक्या रेघा दोन प्रकारच्या असतात आणि त्यातली एकच चालते. कोणती, हे कोणाच्या लक्षात राहीना. पान लावणाऱ्या ताईंनी यावर सोपी खूण सांगितली.

"पदर जातो ना, तशी रेघ," त्या म्हणाल्या. "डाव्या खांद्यावरून खाली उजवीकडे."

खूण बिनचूक होती, पण पदर घेतलेल्या बाईच्या बाजूने. ताईंच्या समोर बसणाऱ्यांनी समोरून पाहिले आणि उलटी रेघ टाइप केली. ताईंच्या बाजूला बसणाऱ्यांची जोडणी झाली, समोरच्यांची झाली नाही. गुन्हे वार्ताहर म्हणाला, की त्याच्या शेजारच्या गुजराती काकू पदर उजव्या खांद्यावर घेतात, तेव्हा ही खूण सर्वांना लागू नाही. काका म्हणाले, "तू काकूंचा पदर सोड आणि रेघ मार." शेवटी ताईंनीच प्रत्येकाच्या कीबोर्डवर योग्य कळीला टिकली लावली. मरून रंगाची होती. पुढे कीबोर्ड बदलले तेव्हा टिकल्याही बदलल्या.

दुसरी मागणी डेस्कांकडून आली. सगळ्यांना एकच अक्षर कसे चालेल? प्रत्येक डेस्कचा ट्रे वेगळा होता, तर ड्राइव्हही वेगळा हवा. संगणकवाल्यांनी दोन दिवस समजावले आणि तिसऱ्या दिवशी मान डोलावली. शहर डेस्कला एस दिला, जिल्ह्याला जे, क्रीडेला के. जाताना ते म्हणाले, "दारं तीन आहेत, खोली एकच आहे, एवढं ध्यानात ठेवा." त्याच वेळी चहा आला. कोणीही ध्यानात ठेवले नाही.

पुढचे काही आठवडे तक्रारींचे होते. क्रीडा डेस्कने लेखी कळवले, की त्यांच्या के ड्राइव्हमध्ये कोणीतरी निधनवार्ता टाकत आहे आणि हा प्रकार थांबावा. शहर डेस्कने कांद्याच्या बाजारभावांबद्दल तसेच कळवले. काकांनी कोणाला काही कळवले नाही. ते फक्त म्हणाले, "बघून ठेवा. वेळ येते."

याच काळात नामपूरचे पान ठरले. नामपूरचे वार्ताहर सोळा वर्षे बातम्या पाठवत होते. तेच तिथले अंकविक्रेतेही होते. सकाळी अंकांचे गठ्ठे सोडायचे, दुपारी बातमी लिहायची आणि नाशिकला जाणाऱ्या एसटीच्या चालकाकडे पाकीट द्यायचे. त्यांच्या प्रत्येक बातमीवर "नामपूर, वार्ताहर" एवढेच छापले जाई. चांदवडला राहणारे त्यांचे सासरे रोज अंक वाचत आणि भेट झाली की विचारत, "जावईबापू, तुमचं नाव कुठं दिसलं नाही." सासऱ्यांची अशी समजूत होती, की जावई पेपर वाटतात आणि लिहिण्याचे सासुरवाडीत सांगतात. सोळा वर्षांत त्यांना खोटे ठरवणारा एकही कागद जावयाकडे नव्हता.

आता तो येणार होता. रविवारच्या पुरवणीत पूर्ण पान, विषय कांदा बाजारातला एक दिवस, वर लेखकाचे नाव. काकांनीच ते मंजूर करून घेतले होते. वार्ताहरांनी मजकूर पाठवण्याआधी नामपूरच्या केशकर्तनालयात चार संध्याकाळी वाचून दाखवला. मग हाताने लिहिलेली तीच बारा पाने एसटीने पाठवली. ताईंनी ती टाइप करून जे ड्राइव्हमध्ये ठेवली. सासऱ्यांना फोन गेला, की रविवारचा अंक जपून ठेवा.

पुरवणीची पाने शुक्रवारी संध्याकाळी पाचला छपाईला जात. त्या शुक्रवारी दुपारी पाऊण वाजता मी शहर डेस्कचे काम संपवून जिल्ह्याचे सुरू केले. माझ्या संगणकावर दोन्ही डेस्कांची अक्षरे होती. जे उघडायच्या ऐवजी चुकून एस उघडला गेला आणि आत जिल्हा डेस्कच्या एकूण एक बातम्या दिसल्या. सुरगाण्याची, पेठची, सटाण्याची. नामपूरचे पानसुद्धा. नावे तीच, वेळाही मिनिटापर्यंत त्याच.

मी काकांना बोलावले. काकांनी चष्मा लावून पाहिले, चष्मा काढला आणि खिशातले कात्रण बाहेर काढून टेबलावर ठेवले.

"मी काय म्हणत होतो," ते म्हणाले. "अख्खा ट्रे उचललाय."

"काय करायचं?"

"त्यांच्या ट्रेमधून आपला माल काढून टाक. बोलायचं काही नाही."

मी एस ड्राइव्हमधल्या आमच्या एक्केचाळीस बातम्या निवडल्या आणि डिलीट केल्या. संगणकाने विचारले, नक्की का? मी नक्की म्हणालो. मग आपल्या बातम्या जागेवर आहेत ना, म्हणून जे उघडला. जे ड्राइव्हमध्ये एकही नव्हती.

या वेळी शहर डेस्कचे प्रमुख खिडकीजवळ पेरू खात उभे होते. त्यांचा संगणक बंद होता. तरीही आमचा पहिला निष्कर्ष असा निघाला, की आपण पकडले गेलो हे पाहून त्यांनी मिनिटाभरात सूड घेतला. काकांनी तसे बोलूनही दाखवले.

"मी?" शहर प्रमुख म्हणाले. "काका, माझ्या हातात पेरू आहे."

"दुसरा हात मोकळा आहे."

"दुसऱ्यात मीठ आहे."

संगणकवाल्यांना फोन केला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "मी दारांचं आणि खोलीचं काय सांगितलं होतं?" मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. स्वतःच्या संगणकावरून काढलेली फाइल कचरापेटीत जाते आणि परत मिळते. असल्या जोडलेल्या ड्राइव्हवरून काढलेली कुठेही जात नाही. ती नसते.

काकांनी कात्रण पाकिटात घातले आणि पाकीट खिशात ठेवले.

चाळीस बातम्या परत मिळण्यासारख्या होत्या. वार्ताहरांना फोन केले, फॅक्स मागवले. नामपूरचे पान मात्र नव्हते. हस्तलिखित होते, पण टाइप झालेल्या कागदांची मागची कोरी बाजू वाया घालवायची नाही, असा कार्यालयाचा शिरस्ता होता. ते कागद क्रीडा डेस्ककडे गेले होते आणि तिथे चार-चार तुकडे होऊन चिठ्ठ्या झाले होते. क्रीडेच्या टेबलावर सात तुकडे सापडले. एकावर "ट्रॅक्टरच्या रांगेत उभा राहिलेला माणूस तीन प्रकारे वाट पाहतो. पहिला प्रकार" एवढे होते. त्याच्या मागे आंतरशालेय खो-खोचा निकाल होता. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांच्या मागे काय होते, ते कळले नाही.

सव्वा दोनला नामपूरला फोन लावायचे ठरले. काकांनी सूचना दिली, "चूक झाली म्हणायचं नाही. तांत्रिक अडचण म्हणायचं."

वार्ताहर घरी नव्हते. केशकर्तनालयात असतील, म्हणून तिथला नंबर मिळाला. ते तिथेच होते.

"नामपूर बोलतोय."

"नामपूर, पानाच्या बाबतीत एक तांत्रिक अडचण आली आहे."

मागून कात्रीचा आवाज येत होता.

"तांत्रिक म्हणजे कोणी केली?" त्यांनी विचारले.

"मी," मी म्हणालो.

"पान रद्द?"

"मजकूर गेला. पाचच्या आत पुन्हा मिळाला तर पान जाईल. तुमच्याकडे प्रत आहे?"

"प्रत तुमच्याकडे शे. मी तर तीच पाठवली." नामपूरकडे "आहे"ला "शे" म्हणतात. पुन्हा कात्री. "सासऱ्यांना काल परत फोन केला हो मी. शेजारच्या दोन घरांना पण सांगून ठेवलंय त्यांनी, की रविवारी बघा, नाव येत नाही."

कात्रीचा आवाज थांबला आणि एक नवा आवाज फोनजवळ आला. तो केशकर्तनालयाच्या मालकाचा होता.

"भाऊ, पाठ शे ना आपल्याला," तो म्हणाला. "चार दिवस ऐकलंय. पहाटेपासून सुरू होतं. तुम्ही लिहा."

पुढचे पावणेदोन तास ताई टाइप करत होत्या आणि मी रिसीव्हर कानाला लावून ऐकलेले वाक्य मोठ्याने म्हणत होतो. नामपूरला फोनभोवती चौघे होते. वार्ताहर, दुकानाचे मालक, समोरचा चहावाला आणि एक निवृत्त मास्तर, जे चारही संध्याकाळी शुद्धलेखन तपासायला हजर होते. वार्ताहरांना स्वतःचा मजकूर सगळ्यात कमी आठवत होता. लिहिताना आपण काय खोडले आणि काय ठेवले, यात त्यांचा गोंधळ होई. ऐकणाऱ्यांनी खोडलेले कधी पाहिलेच नव्हते.

"लिलाव सुरू होतो," वार्ताहर म्हणाले.

"नही, नही," मागून चहावाला. "आधी चहा शे, मंग लिलाव."

"चहा एकदाच आहे."

"दोनदा शे. तुम्हीच वाचलं. दुसऱ्यांदा आलं घातलेला."

मास्तरांनी फोन हातात घेतला. "लिहून घ्या. पहिला चहा परिच्छेद दोन, दुसरा चहा परिच्छेद सहा. आणि 'तथापि' असा एक शब्द आहे, तो गाळू नका."

"तो मी नव्हता लिहिला, मास्तर."

"मी सुचवला होता. तुम्ही हो म्हणाला होता."

ट्रॅक्टरच्या रांगेतल्या माणसाचे दुसरे आणि तिसरे प्रकार दुकानाच्या मालकाने सांगितले. तिसरा प्रकार असा, की माणूस वाट पाहून कंटाळतो आणि दाढी करायला जातो. वार्ताहर म्हणाले, की हा प्रकार मुळात नव्हता. मालक म्हणाला, की तो दर बाजाराच्या दिवशी स्वतः पाहतो. हा मुद्दा वादाचा होता, पण घड्याळात साडेतीन झाले होते. मी प्रकार घेतला.

चार वाजता मजकूर पुरा झाला. मी तो ड्राइव्हवर ठेवला नाही. फ्लॉपीवर ठेवला, दुसऱ्या फ्लॉपीवर ठेवला आणि त्याचा प्रिंटही काढला. प्रिंट काकांनी घडी घालून कात्रणाच्या पाकिटात घातला. ताईंनी पान लावले, फोटो बसवला, चौकट आखली. सव्वाचार वाजता त्यांनी वर न पाहता विचारले, "नाव सांगा."

"नामपूर," मी म्हणालो.

"गावाचं नाही. माणसाचं."

मी काकांकडे पाहिले. काकांनी शहर प्रमुखांकडे पाहिले. शहर प्रमुखांनी हातातला दुसरा पेरू टेबलावर ठेवला. चौघांनीही नीट आठवून पाहिले. सोळा वर्षे ज्या माणसाशी आम्ही रोज बोललो, त्याचे नाव कार्यालयात कोणालाच माहीत नव्हते. ताईंनी टाइप केलेल्या मूळ पानावर ते होते, पण त्यांना ते आठवेना आणि पान मी डिलीट केले होते. फोनवर नामपूरच्या चौघांनी सगळे सांगितले, नाव सांगितले नाही, कारण ते वाचून दाखवायच्या भागात नव्हते. कार्यालयाच्या वार्ताहर-नोंदवहीत "नामपूर" लिहिले होते. गठ्ठ्यांच्या चिठ्ठीवर "नामपूर" होते. जुन्या पाकिटावर "प्रेषक: नामपूर."

केशकर्तनालयाचा फोन लागेना. घरी लावला. वहिनींनी उचलला. वार्ताहर संध्याकाळच्या गाडीवर पाकीट द्यायला निघून गेले होते.

"वहिनी, त्यांचं पूर्ण नाव हवंय."

"त्यांचं?" त्या म्हणाल्या. "सासूबाई बसल्यात इथं. मी कसं घेऊ?"

ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "उखाण्यात घ्या."

"उखाण्याला पण वेळ लागतो ताई. तुमचं पान पाचला जातं ना?"

"मग सासूबाईंना द्या."

सासूबाई आल्या. "बापू," त्या म्हणाल्या.

"बापू हे घरचं झालं, आजी. कागदावरचं?"

"कागदावरचं मास्तरनं घातलं शाळेत. मी बापूच म्हणते. बापू शे त्याचं नाव."

फोन पुन्हा वहिनींकडे आला. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "असं करा, चांदवडला आमच्या दादांना फोन लावा. सारखे विचारतात ना नाव कुठंय म्हणून. त्यांनाच विचारा."

दादा म्हणजे त्यांचे वडील, म्हणजे सासरे. नंबर मिळाला. चार चाळीस झाले होते. हा फोन कोणी करायचा यावर चर्चा झाली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

"कोण बोलतंय?"

मी वृत्तपत्राचे नाव सांगितले आणि म्हणालो, "तुमच्या जावयांचं पूर्ण नाव सांगता का?"

पलीकडचा रेडिओ बंद झाला.

"म्हणजे ते तुमच्याकडे कामाला आहेत, हे खरं?"

"सोळा वर्षं. त्यांचं पान आहे रविवारी."

"लिहितात?"

"लिहितात."

"आणि तुम्हाला त्यांचं नाव माहीत नाही."

"नाही."

"मग मी काय वेगळं म्हणत होतो," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता. सोळा वर्षे धरून ठेवलेले मत आता आपल्यालाच सोडावे लागणार, हे कळलेल्या माणसाचा तो आवाज होता. "थांबा. लग्नपत्रिका काढतो. तोंडी सांगणार नाही, चुकलं तर माझ्यावर येईल."

पत्रिका ट्रंकेत होती. ट्रंक उघडल्याचा आवाज आला, मग डांबराच्या गोळ्यांबद्दल कोणाशी तरी दोन वाक्ये, मग कागद. त्यांनी नाव वाचले, वडिलांचे नाव वाचले, आडनाव वाचले. आधी "चिरंजीव" पण वाचले.

"चिरंजीव घालत नाही आम्ही," मी म्हणालो.

"घातलं तर बिघडेल?"

"पानावर जागा नाही."

"चहाचा मजकूर असेल भरपूर. तिकडे चहावाल्याशिवाय पान हलत नाही." पत्रिकेची घडी घातल्याचा आवाज आला. "चांदवडचे जावई, एवढं तरी घाला."

तेही घातले नाही. चार बावन्नला पान छपाईला गेले.

रविवारी चांदवडचे वार्ताहर सकाळी सासऱ्यांच्या घरावरून गेले आणि त्यांनी दुपारी फोनवर कळवले. सासरे ओट्यावर बसले होते. शेजारच्या दोन्ही घरांतली माणसे आली होती. सासऱ्यांनी पत्रिका मांडीवर ठेवली होती आणि पानावरचे नाव तिच्याशी अक्षर अक्षर ताडून पाहत होते. मग त्यांनी पूर्ण पान मोठ्याने वाचले. दाढीच्या प्रकाराला लोक हसले. "तथापि"ला ते अडखळले.

"शेवटी काय म्हणाले?" मी विचारले.

"म्हणाले, चहा जास्त झालाय. पण नाव मी दिलं होतं ते बरोबर छापलंय."

त्याच संध्याकाळी नामपूरच्या वार्ताहरांचाही फोन आला. बाजार समितीच्या सभेची बातमी होती, छोटी.

"नामपूर बोलतोय," ते म्हणाले.

मी त्यांना नावाने हाक मारली.

"कोण पाहिजे?" त्यांनी विचारले.